बांधाखालून

येडशी, जि. धाराशिव
१२ जानेवारी २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीनंतर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. तू लिहिलंस की फोन केला तरी मी बोलत नाही. मला फोनवरचं नीट ऐकू येत नाही, एवढंच कारण आहे. समोरच्या माणसाचं ऐकू येतं. आजवर तुझी मावशी बोलायची आणि मला सांगायची, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा पत्रच बरं.

तब्येत ठीक आहे. स्वयंपाक करतो. भाकरी अजून जमत नाही, पोळी जमते.

एका गोष्टीत तुझा सल्ला पाहिजे. तुझ्या मावशीने, मुक्ताने, जाण्याआधी सांगून ठेवलं होतं की तिची राख नदीत सोडायची नाही, शेतात जांभळाच्या खड्ड्यात घालायची. मी तसं केलं. रोपाला पाणी घालायला सोपं जावं म्हणून खड्डा विहिरीजवळ घेतला. आपल्या विहिरीच्या पलीकडे बांध आहे आणि बांधापलीकडे चुलतभाऊ आण्णासाहेबाची विहीर. त्याची वस्ती तिथेच आहे. नळ नाही, त्यामुळे ते पिण्यालाही विहिरीचंच पाणी वापरतात.

आण्णासाहेबाची आई, म्हणजे आमच्या कडूबाई काकू, यांनी ते पाणी सोडलं. "नाना, ते पाणी माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय," एवढंच मला म्हणाल्या. त्यांना विटाळ वाटतो. त्यांची सून राजेश्वरी आता गावातल्या नळावरून कळशीने पाणी आणते. वाट चढाची आहे. आण्णासाहेब म्हणतो, "माझं काय न्हाय बाबा, पण आईपुढं माझं चालत न्हाय." झाड काढ असं कुणी बोललं नाही, पण सगळे त्याचीच वाट पाहत आहेत.

मी काकूंना सांगितलं की दिवसभर मोटारी चालल्या तरी सकाळी दोन्ही विहिरींचं पाणी एकाच पातळीला असतं. पातळी सारखी, म्हणजे इकडचं तिकडे जात नाही. त्या म्हणाल्या, "सारखी हाय म्हंजेच आतून एक हाय."

पाणी आणि क्षार कुठून कुठे जातात हे मोजण्याचं तुझं काम आहे, असं मुक्ता सांगायची. माझं म्हणणं बरोबर आहे का, ते कळव. मला झाड काढायचं नाही.

तुझा,
नाना


बेंगळुरू
२१ जानेवारी २०२५

ती. नाना, सा. नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. फोनचं मला खरंच माहीत नव्हतं.

तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. मी मुळांवर काम करते. मुळाच्या पेशीत क्षार आत जातात आणि बाहेरही येतात. दोन्ही सारखे असले की आतलं प्रमाण तेवढंच राहतं आणि बाहेरून वाटतं, काही हललंच नाही. खरं तर सारखी ये-जा चालू असते. आत किती जातं आणि बाहेर किती येतं हे वेगवेगळं काढणं, हेच आमचं काम.

तुम्ही तुळजापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतात. नवरात्रात सकाळी दहाला स्टँडवर जेवढी गर्दी, तेवढीच अकराला. म्हणून मधल्या तासात कुणी आलं-गेलं नाही, असं तुम्ही म्हणाल का? डोकी मोजून फक्त फरक कळतो. एका बाजूने किती गेले हे कळायचं असेल तर त्या माणसांवर काहीतरी खूण पाहिजे.

विहिरीचं तसंच आहे. तुम्ही मोटार लावता तेव्हा तिकडचं पाणी तुमच्याकडे ओढलं जात असेल, ते लावतात तेव्हा तुमचं तिकडे. सकाळी पातळी सारखी. गेलं की नाही, हे पातळीवरून कळणार नाही. पाण्यावर खूण करावी लागेल.

सगळ्यात सोपी खूण मिठाची. तुमच्या विहिरीच्या मापाला पंचवीस किलो पुरे. चवीला कळणार नाही, पिकाला आणि जनावराला त्रास नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर कुरियरने पाठवते आहे. आधी दोन्ही विहिरींचा आकडा घ्या. मग मीठ टाकून रोज दोन्हीकडचा घ्या. लांबची, वरच्या अंगाची एखादी तिसरी विहीरही मोजत राहा. तिचा आकडा हलला नाही, तर मीटर ठीक आहे असं समजेल.

मावशीच्या वेळी मला येता आलं नाही. त्याबद्दल काही लिहायचं होतं, पण जमत नाही. फोनवर ती नेहमी शेवटी म्हणायची, "नाना विचारतायत, वेळेवर जेवतेस का." ते आठवतं.

तुमची,
निकिता


येडशी
३ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

मीटर पोचलं. खुणेचं लगेच समजलं, कारण आमच्या स्टँडवर ती खूण होतीच. दर्शन करून परतणाऱ्याच्या कपाळावर मळवट भरलेला असतो. सोलापूरच्या गाडीतून उतरतो तो कोऱ्या कपाळाचा, चढतो तो मळवटाचा. किती गर्दी आहे हे आम्ही पाहतच नसू. मळवट किती दिसतात त्यावर जादा गाडी सोडायची. तेवीस वर्षं हेच केलं आणि विहिरीला ते लावलं नाही.

आपल्या विहिरीचा आकडा ४१० आला, आण्णासाहेबाच्या विहिरीचा ४२५. रामलिंगच्या वाटेवर वरच्या अंगाला एक विहीर आहे, तिचा ३८०. पिंपात मीठ विरघळून विहिरीत ओतलं आणि मोटारीचा पाइप परत विहिरीत सोडून पाणी फिरवलं. दुसऱ्या दिवशी आपला आकडा ६९० झाला.

एक घोटाळा झाला. मी मीठ ओतत होतो ते राजेश्वरीने बांधावरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत वस्तीवर झालं की नानाने बायको गेल्यापासून काहीतरी धरलंय, विहिरीवर मिठाचा उतारा केला. आण्णासाहेब लगोलग आला. दारातूनच म्हणाला, "नाना, करणी करायची तर माझ्या हिरीत करायची. स्वतःच्याच हिरीत कोन करतंय व्हय?"

मी त्याला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मीटर दाखवलं. त्याने ते चहात बुडवून पाहिलं, मग स्वतःच्या तांब्यात बुडवलं. म्हणाला, "आईला यातलं काय सांगू नगं. निकाल लागल्यावर सांग." त्याच्या विहिरीच्या पाण्याची बाटली राजेश्वरी रोज सकाळी बांधावर ठेवते. पहिले दोन दिवस बाटली ठेवून ती लांब उभी राहायची. आता जवळ येऊन आकडा विचारते.

तू लिहिलंस ते वाचलं. खरं सांगायचं तर जेवणाचं मी कधी विचारायला सांगितलं नव्हतं. ती स्वतः विचारायची आणि माझ्या नावावर सांगायची. मला ते तुझ्या पत्रावरून कळलं. आता मी विचारतो आहे. वेळेवर जेवतेस का?

नाना


बेंगळुरू
११ फेब्रुवारी २०२५

ती. नाना, सा. नमस्कार.

जेवते. रात्री उशिरा, पण जेवते.

तुमच्या पत्रातला मळवट मी इथल्या प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगितला. आम्ही खुणेसाठी महागडे पदार्थ मागवतो, त्यांना फार गंमत वाटली.

आकडे छान घेतलेत. तुम्ही लिहिलेली मापं आणि मोटारींच्या वेळा घालून मी एक अंदाज काढला. जमिनीचा उतार ओढ्याकडे आहे, म्हणजे तुमच्या विहिरीतून झिरपणारं पाणी बहुतेक ओढ्याकडे जात असणार. बांधाखालून पलीकडे फार काही जाईल असं वाटत नाही. शेजारच्या विहिरीचा आकडा पाच-दहाने हलला तर ते मीटरचं डुगडुगणं समजा. अजून दोन आठवडे मोजा. मावशीचं झाड जागेवर राहील असं मला वाटतं.

निकिता


येडशी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. थोडक्यात असं आहे. आपली विहीर ६९० वरून उतरत आज ५०५ वर आली. आण्णासाहेबाची पहिले चार दिवस होती तिथेच होती. पाचव्या दिवसापासून चढायला लागली. सर्वात जास्त ४७२ झाली. आता ४६० च्या आसपास आहे. वरची विहीर ३८० वरच आहे. या सगळ्या दिवसांत सकाळची पातळी दोन्हीकडे सारखीच होती.

मला यातलं कळतं ते असं की पाणी जातं. तुला दुसरं काही दिसत असेल तर कळव.

जांभळाला नवीन पालवी आली आहे.

नाना


बेंगळुरू
७ मार्च २०२५

ती. नाना, सा. नमस्कार.

माझा अंदाज चुकला. तुमचे आकडे घालून पुन्हा हिशेब केला. खडकात बांधाखालून एक बरी फट असावी. टाकलेल्या पंचवीस किलोपैकी साधारण पाच किलो मीठ पलीकडे गेलं आहे. बाकीचं ओढ्याकडे आणि तुमच्या पिकाला.

आता पुढचं मी शास्त्राचं म्हणून लिहीत नाही, तुमची भाची म्हणून लिहिते. मीठ विहिरीत ओतलं होतं. राख जमिनीत आहे, झाडाखाली आहे, थोडी आहे. तिच्यातलं पलीकडे जाण्यासारखं जवळपास काही नाही आणि जे असेल ते साधे क्षार. त्याने कुणाला काही होत नाही. काकूंना फक्त एवढंच सांगितलं की मोजलं, काळजी करण्यासारखं काही सापडलं नाही, तर त्यात खोटं एक अक्षर नाही. आण्णाकाकांना समजेल. काकूंना आकडे कळणार नाहीत, त्या विचारणारही नाहीत.

मावशीला तिथून हलवू नका, एवढंच म्हणायचं आहे. मला तिला शेवटचं पाहता आलं नाही. मे महिन्यात येईन तेव्हा कुठेतरी बसायला मिळावं, असं वाटतं.

निकिता


येडशी
१६ मार्च २०२५

चि. निकितास,

तुझं पत्र मिळालं. तुझं मन समजलं.

काकूंनी काय जातं हे विचारलं नव्हतं. वाट आहे का, एवढंच त्या म्हणत होत्या आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं. वाट आहे. ते त्यांना सांगावं लागेल. राजेश्वरी उन्हाची कळशी घेऊन जाते, ते मला बांधावरून रोज दिसतं.

वरच्या वावरात, विहिरीपासून लांब, एक खड्डा घेऊन ठेवला आहे. रोप अजून लहान आहे, मुळासकट निघेल. खालची मातीही पाटीने नेईन. तू मेमध्ये येशील तेव्हा तिथे बसता येईल. सावलीला मात्र काही नाही.

नाना


बेंगळुरू
२२ मार्च २०२५

ती. नाना,

मी पाडव्याला सुट्टी काढून येते. मी येईपर्यंत रोपाला हात लावू नका. काढायचंच असेल तर दोघं मिळून काढू. हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे, आण्णाकाकांनाही फोन करून सांगते.

निकिता


येडशी
२६ मार्च २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. आण्णासाहेबाने तुझा निरोपही कालच सांगितला. पण मी काकूंकडे त्याच्या आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काकू ओट्यावर हरभरे पाखडत होत्या. आण्णासाहेब तिथेच बसला होता. मी म्हणालो, "काकू, मी मोजून बघितलं. आमच्या विहिरीतलं पाणी तुमच्या विहिरीत येतं."

"मग म्या काय म्हणत व्हते?"

"तुमचं बरोबर होतं. मी उद्या झाड काढतो, खालची मातीही नेतो. तुम्हाला विटाळ नको."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "विटाळ? विटाळ कवा म्हणले मी?"

मी आठवून पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून कधीच आला नव्हता. मीच तो धरून बसलो होतो, तुलाही तसंच लिहिलं.

"उन्हातून आले की बांधावरनं हाक मारायची," काकू म्हणाल्या. "काकू, पानी प्या. तांब्या घेऊन उभीच असायची. जिच्या हातचं पानी पिले, आता तिलाच पिऊ व्हय मी? घशाखाली कसं उतरंल?"

मग राजेश्वरी दारातून म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू का? रागवायचं न्हाय पर."

"तू सांग. रागवायचं का न्हाय ते मागनं बघू."

"तुमी संक्रांतीपासून हिरीचंच पानी पिताय."

काकूंनी वर पाहिलं.

"गावातल्या नळाला चार चार रोज पानी येत न्हाय. पैल्यांदा आणलं दोन-तीन खेपा. मग हितलंच भरलं."

"आन दुपारी कळशी घेऊन जात व्हतीस ती?"

"रस्त्यावर मैत्रिणीच्या घरी, समृद्धीच्या. जरा बसून यायची."

आण्णासाहेब उठला आणि बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून गोठ्याकडे गेला. त्याला हे ठाऊक असावं. काकूंनी राजेश्वरीकडे रोखून पाहिलं. मला वाटलं आता भांडण पेटणार आणि माझ्यामुळे पेटणार. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"मीठ किती वतलं व्हतंस?"

म्हणजे मिठाचंही त्यांना माहीत होतं. "पंचवीस किलो," मी म्हणालो.

"आन त्यातलं आमच्यात किती आलं?"

"पाच किलो. निकिताने हिशेब काढलाय."

"पाच किलो मीठ खाल्लं म्या तुमचं," त्या म्हणाल्या. "आता कंच्या तोंडानं झाड उपट म्हणू?"

त्या हसत नव्हत्या. सूप उचललं आणि पुन्हा हरभरे पाखडायला लागल्या. राजेश्वरी आत गेली. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. ओटा उतरत होतो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आमच्याकडचं तुमच्यात येतं का न्हाय?"

"ते मोजलं नाही काकू."

"मग अर्धंच मोजलंस की रं."

मी सांगितलं की ते मोजायचं तर तुमच्या विहिरीत मीठ टाकावं लागेल. त्या म्हणाल्या, "मग टाक की. आमी एकट्यानंच खायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णासाहेब मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन बांध ओलांडून आला. मी विकत आणतो म्हणालो, तर त्याला काकूंची ताकीद होती की मीठ आमचंच पाहिजे. पोतं आपल्या माजघरात ठेवलं आहे. ओल लागू नये म्हणून खाली फळी घातली आहे.

वरच्या वावरातला खड्डा बुजवला. तू ये, पण झाड काढायला नको.

काकूंनी परवापासून समजून-उमजून विहिरीचं पाणी सुरू केलं. राजेश्वरी सांगत होती की पहिल्या दिवशी तांब्या हातात धरून त्या पुष्कळ वेळ बसल्या होत्या. मग प्याल्या.

आज सकाळी आपला आकडा ४३५ आहे आणि त्यांचा ४४०. त्यांच्यात मीठ टाकायच्या आधी तो मूळ जागी यायला पाहिजे, असं माझ्या समजुतीने मी सांगितलं आहे. ते बरोबर असेल तर अजून किती थांबावं लागेल, हे येताना हिशेब करून आण. काकू रोज बांधावर येऊन विचारतात, "आमचं कवा टाकायचं?"

नाना